खासगी विहिरींच्या मोजणीचे आकडे: कुणाला, किती आणि कोणत्या क्रमाने सांगायचे?

ओढाकाठ

नमस्कार. साधारण १० चौरस किलोमीटरच्या एका पाणलोटात ६० खासगी विहिरी आणि बोअर वर्षभर मोजायचं घाटतंय. दर महिन्याला पातळी आणि पंपाचे तास. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याचे नमुने: फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू). शेवटी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. उपकरणांची अडचण नाही. अडचण आहे ती आकडे हातात आल्यावरची:

१) विहीर मालकाची, पण पाणी पिणारे मजूर, कुळं, शेजारी. नमुना खराब निघाला आणि मालक म्हणाला "हे बाहेर जाता कामा नये", तर?

२) कोण किती उपसतो हे नकाशावर दाखवलं तर भांडणं लागतील. नाही दाखवलं तर ताळेबंदावर विश्वास कोण ठेवील?

३) "इतकं पाणी शिल्लक" असा आकडा जाहीर झाला की लगेच नवी बोअर पडते. मग आकडा सांगावा की नाही?

४) ज्यांची विहीरच नाही, त्यांना या मोजणीत कुठे बसवायचं?

तत्त्वं वाचून झाली आहेत. प्रत्यक्ष कसं करायचं ते हवंय.

निवळी

पहिला प्रश्न नमुना घ्यायच्या आधीच सोडवावा लागतो. नंतर तो सुटत नाही.

संमती एकच सही घेऊन उरकू नका, दोन वेगळ्या घ्या. एक पातळी आणि उपशाची, दुसरी गुणवत्तेची. दुसरीत स्पष्ट सांगायचं की पिण्याला धोकादायक काही निघालं तर ते पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला कळवलं जाईल. ही अट मालकाला मान्य नसेल तर त्या विहिरीतून गुणवत्तेचा नमुना घेऊ नका, पातळी तेवढी मोजा. मात्र तिथलं पाणी पिणाऱ्या घरांना वाऱ्यावर सोडायचं नाही. घरात भरून ठेवलेलं पाणी त्या घराचं असतं. त्या घराची संमती घेऊन हंड्यातला नमुना घ्या आणि निकाल त्यांनाच द्या. फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी हा नमुना चालतो. आर्सेनिकसाठी जपून, कारण पाण्यात लोह असेल तर साठवणीत ते खाली बसतं आणि सोबत आर्सेनिकही थोडं बसतं, म्हणजे आकडा कमी येऊ शकतो. ई. कोलायसाठी मात्र हंड्यातला नमुना विहिरीविषयी काहीच सांगत नाही. जंतू ओगराळ्यातून, हातातून आलेले असू शकतात.

बाटल्यांची गफलत बरीच होते. फ्लोराइड काचेच्या बाटलीत ठेवू नये, प्लास्टिकची घ्या. आर्सेनिकच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणायचा. नायट्रेटची बाटली वेगळी ठेवा, त्यात ते आम्ल गेलं तर तुम्हीच नायट्रेट ओतल्यासारखं होतं. ती बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत तपासायची. ई. कोलायला निर्जंतुक बाटली, आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळा. विहिरीत ब्लीचिंग टाकलेलं असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि पाणी फुकट "चांगलं" ठरतं.

निकाल वाचताना सगळ्यात घातक गोंधळ नायट्रेटचा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून मोजल्यास लिटरला ५० मिलिग्रॅम. काही प्रयोगशाळा मात्र "नायट्रेट-नायट्रोजन" देतात, तिथे तीच मर्यादा सुमारे ११ होते. कागदावर २० दिसलं आणि ते नायट्रोजन म्हणून असेल, तर ते नायट्रेट सुमारे ८९ झालं. हा फरक न बघता "२० म्हणजे ठीक" म्हणून सांगितलं, आणि त्या घरात त्या पाण्यात कालवलेलं दूध बाटलीने पिणारं बाळ असलं, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. बाकीच्या मर्यादा अशा: फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये शून्य. जागेवरच तपासायच्या किटवरचा आकडा मर्यादेच्या आसपास असेल तर निवाडा देऊ नका, तो नमुना प्रयोगशाळेत पाठवा. शिवाय सरसकट दहातला एक नमुना पडताळणीला पाठवायचाच.

आणि "पाणी खराब आहे, उकळून प्या" हा ठोकळेबाज सल्ला कुणालाही देऊ नका. ई. कोलायला तो बरोबर आहे. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं.

निकाल सांगायला जाताना पर्याय सोबत न्या. जवळची चांगली विहीर कोणती, तिचा मालक पाणी भरू देईल का, किती वाजता, हे आधी विचारून ठेवायचं. बांगलादेशात २००० ते २००३ या काळात जवळपास ५० लाख नलिका विहिरी तपासल्या आणि त्यातल्या सुमारे १४ लाखांना लाल रंग दिला, बाकीच्यांना हिरवा. कामाचा आवाका थोर होता आणि त्यातून असंख्य लोकांचं पाणी बदललं. पण रंगाने एक गोष्ट झाकली. तिथली मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम होती, जागतिक आरोग्य संघटनेची १०. म्हणजे ४५ वाली विहीरही हिरवीच. शिवाय रंग उडतो, आणि नंतर खणलेल्या विहिरीवर रंगच नसतो. म्हणून विहिरीवर आकडा आणि तपासणीचा महिना-वर्ष दोन्ही लिहा. पातळी खाली गेली की फ्लोराइड बऱ्याचदा वाढतं, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ई. कोलाय वर येतो. एका तपासणीचं प्रमाणपत्र वर्षभर पुरत नाही.

कातळाखाली

तिसऱ्या प्रश्नावर. आकडा सांगा, पण एकटा सांगू नका. तुमच्याच पाणलोटाचं गणित घ्या. १० चौरस किलोमीटर म्हणजे १ कोटी चौरस मीटर. पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी यांत सरासरी ४ मीटरचा फरक. आता खडकाची पाणी सोडण्याची क्षमता, म्हणजे विशिष्ट देयता. झिजलेल्या कठीण खडकात ती १ ते ३ टक्के असते. १ टक्का धरली तर साठ्यात भर ४ लाख घनमीटर, २ टक्के धरली तर ८ लाख, ३ टक्के धरली तर १२ लाख. पातळीची मोजणी कितीही काटेकोर करा, देयता १ ऐवजी ३ टक्के धरली की उत्तर तिप्पट होतं. जो ८ लाख तेवढे छापतो, तो नकळत कुणाची तरी बाजू घेतो. ४ लाख धरलं तर नव्या पिकाला पाणी नाही, १२ लाख धरलं तर बागायत वाढवायला हरकत नाही. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि त्यांच्यात फरक का पडतो ते समजावून सांगा. लोकांना ते कळतं.

हा पल्ला कमी करता येतो, पण त्याला शेतकऱ्यांचा विश्वास लागतो. पाऊस नसलेल्या दोन-तीन महिन्यांत एकूण उपसा किती झाला आणि पातळी किती उतरली हे माहीत असेल, तर त्या भागाकारातून देयता निघते. सिंचनातून परत मुरलेलं पाणी वजा करायचं, ओढ्याला पाझरून गेलेलं मिळवायचं, मग क्षेत्रफळ गुणिले पातळीतली घट याने भागायचं. इथे एक मजेशीर पण गंभीर गोष्ट आहे. बंदीच्या भीतीने लोकांनी पंपाचे तास कमी सांगितले, तर देयता कमी निघते. देयता कमी की पुनर्भरणही (पावसाने साठ्यात पडणारी भर) त्याच पटीत कमी. म्हणजे सगळ्यांनी सारखंच कमी सांगितलं तर उपसा आणि पुनर्भरण यांचं गुणोत्तर जवळपास जसंच्या तसं राहतं, लपवून काही मिळत नाही. नुकसान होतं ते खरं सांगणाऱ्याचं, कारण सगळ्यांचं मिळून पाणी कमी दिसतं आणि वापर त्याचा जास्त दिसतो. हे पहिल्याच बैठकीत फळ्यावर सोडवून दाखवा.

उपसा मोजायला २०० लिटरचा पिंप आणि घड्याळ पुरतं. पिंप ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर. पंप सुरू केल्या केल्या एकदा आणि दोन तासांनी पुन्हा मोजा. विहिरीतली पातळी उतरली की धार बारीक होते, आणि सुरुवातीच्या धारेला दिवसभराच्या तासांनी गुणलं की उपसा फुगतो. वीज मीटर असेल तर ताळा घ्या. ४० मीटर उचल, तासाला १८ घनमीटर आणि पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के असेल तर तासाला सुमारे ५ युनिट जळतात. सांगितलेले तास आणि युनिट जुळत नसतील तर माणसाला खोटं पाडू नका. आधी पंपाची कार्यक्षमता तपासा, ती २५ टक्क्यांवर आलेलीही सापडते.

पातळी मोजताना पंप किमान रात्रभर बंद हवा. जमत नसेल तर १५ मिनिटांच्या अंतराने दोन वाचनं घ्या. त्यांत १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पाणी अजून चढतंय, ते वाचन विश्रांतीचं नाही अशी नोंद करा. कठड्यावर रंगाने खूण करून दर वेळी तिथूनच टेप सोडा. खुणेची जमिनीपासूनची उंची पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. एका विहिरीतून दुसरीत जाताना टेप क्लोरीनच्या पाण्यात बुडवून पुसा, नाहीतर एका घराचे जंतू दुसऱ्या घरी तुम्हीच पोचवाल. आणि फोनच्या जीपीएसची उंची वापरून भूजल कुठून कुठे वाहतं याचे बाण काढू नका. त्या उंचीत कित्येक मीटरची चूक असते. तुमच्या विहिरींतला फरकच दोन-तीन मीटरचा असेल तर बाण उलटेही निघतील, आणि "वरच्या आळीचं पाणी खालची आळी ओढते" असा आरोप त्या उलट्या बाणांवर उभा राहील. लेव्हलिंग, म्हणजे दुर्बिणीच्या यंत्राने उंचीची मोजणी, करून घ्या.

"शिल्लक" हा शब्द मात्र अहवालात येऊच देऊ नका. अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ थाइस यांनी १९४० मध्येच मांडून ठेवलंय की विहिरीतून काढलेलं पाणी तीनच ठिकाणांहून येतं: वाढलेलं पुनर्भरण, घटलेला नैसर्गिक निचरा किंवा साठ्यातली घट. निचरा म्हणजे झरे, ओढ्याचा उन्हाळी प्रवाह, खोल मुळांची झाडं. जे पाणी "वाया जाऊन ओढ्याला मिळतं" असं आपण म्हणतो, त्यावर खालचं गाव उन्हाळा काढतं. त्यामुळे ताळेबंदात शिल्लक हा रकाना नको. त्याऐवजी "हे पाणी सध्या कुणाला मिळतं" असा रकाना ठेवा आणि त्यात नावं घाला: अमुक झरा, तमुक डोह, खालच्या अंगाच्या इतक्या विहिरी.

रेषाकाटा

दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

गुणवत्ता आणि उपसा यांना एकच मोजपट्टी लावू नये असं माझं ठाम मत आहे. घरगुती वापराच्या विहिरीचा उपसा किती ही माहिती खासगी मानावी. पण पाच बोअर आणि वीस हेक्टर बागायत असलेल्याचा उपसा ही खासगी बाब नाही, त्याने शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी उतरते. सगळ्यांनाच निनावी केलं तर मोठा उपसा करणारा लहानांच्या गर्दीत लपतो, आणि बैठकीत चर्चा होते ती "सगळ्यांनी काटकसर करा" एवढीच. किती उपशाच्या वर नावानिशी नोंद व्हावी ही मर्यादा मोजणीच्या आधी बैठकीत ठरवून घ्या. आकडे आल्यावर ठरवली तर ती कुणाला तरी नेम धरून ठरवल्यासारखी दिसते.

निनावी नकाशा करायचा तर नुसतं ५०० मीटरचं चौकट-जाळं टाकून भागत नाही. एका चौकटीत एकच विहीर असेल तर ती कुणाची हे गावातलं पोरही सांगेल. एका चौकटीत किमान पाच विहिरी येतील असं करा, जिथे येत नाहीत तिथे चौकटी एकत्र करा. पाण्याची समान पातळी जोडणाऱ्या रेषाही (समोच्चरेषा) बोलतात. एखाद्या बोअरभोवती गोल खड्डा दिसला की नाव लिहायची गरज उरत नाही. मूळ नोंदवही कुणाकडे राहील, तिची प्रत कोण मागू शकेल, प्रकल्प संपल्यावर ती कुठे जाईल, हे संमतीपत्रातच येऊ द्या.

खडकातल्या भेगांचे, विद्युत-रोध सर्वेक्षणाचे (जमिनीत वीज सोडून पाण्याच्या जागा शोधण्याचे) नकाशे याहून नाजूक. असा नकाशा आधी एका माणसाच्या हाती पडला की बोअरची गाडी त्याच्या शेतात सगळ्यांआधी उभी राहते. हे नकाशे सर्वांसमोर, एकाच दिवशी मांडायचे. नवीन बोअरचं अंतर आणि खोली यांचे नियम ठरल्याशिवाय तर मांडूच नयेत.

पंपिंग टेस्ट करणार असाल तर शेजारच्या विहीरमालकांना चार दिवस आधी कळवा. २४ तास उपसा करून त्यांच्या विहिरीवरचा परिणाम बघणं हाच चाचणीचा उद्देश असतो, म्हणजे पाणी त्यांचंही जातं. भर उन्हाळ्यात ती करू नका. उपसलेलं पाणी पाइपने लांब सोडा. जवळच सोडलं तर ते मुरून परत विहिरीत येतं, चाचणीही बिघडते आणि पाणीही गेलं ते गेलंच.

ओढाकाठ

सगळ्यांचे आभार. रेषाकाटा, एक शंका. मोठ्या उपशाची नावानिशी नोंद ही अट आधीच घातली तर तेच लोक मोजणीतून बाहेर पडतील. मग ताळेबंदाला भोकच पडेल ना? आणि चौथ्या प्रश्नाचं काय?

पाझर

बाहेर पडू द्या. त्यांचं क्षेत्र आणि पीक बांधावरून दिसतं. पिकाची पाण्याची गरज गुणिले क्षेत्र, त्यातून पाऊस वजा, यावरून उपशाचा ढोबळ अंदाज काढा आणि "मोजलेला नाही, काढलेला" असं शेजारी लिहा. बऱ्याच जणांना तो अंदाज आपल्या खऱ्या उपशापेक्षा जास्त वाटतो, मग ते आपणहून मीटर दाखवतात. पण त्या दबावासाठी अंदाज मुद्दाम फुगवायचा नाही, ते अप्रामाणिक होईल. (उपग्रहाचा आधार घ्यायचा तर पिकाचं क्षेत्र बघण्यापुरता घ्या. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांवरून गावच्या भूजलाविषयी काही सांगता येत नाही, त्यांची नजर शेकडो किलोमीटरची आहे.)

आता ज्यांची विहीर नाही त्यांच्याविषयी. मोजणीची यादी विहिरींवरून केली की ते यादीतच येत नाहीत. म्हणून दुसरी यादी घरांची करा. प्रत्येक घराने पाणी कुठून आणलं, किती अंतरावरून, किती खेपा, कोणत्या महिन्यात ठिकाण बदललं आणि का. हे पाणी भरणाऱ्या व्यक्तीलाच विचारायचं. ते काम बहुतेक घरांत बाईकडे किंवा मुलीकडे असतं, आणि घरातल्या पुरुषाचं उत्तर नेमकं महिन्यांच्या बाबतीत चुकतं. विहीर कधी आटली हे पाणी भरणारीला मालकापेक्षा अचूक माहीत असतं, कारण तळाचं गढूळ पाणी वाटीने तिनेच भरलेलं असतं. ही नोंद पातळीच्या आलेखाला ताडून बघा. आलेखात पाणी दिसतंय आणि बाई म्हणते मिळत नव्हतं, असं आढळलं तर बहुतेक वेळा कारण खडकाशी नसतं. पाणी असतं, पण भरू देत नाहीत, किंवा पंपाच्या वेळेतच घेता येतं. ताळेबंदात हे कधीच येत नाही.

ताळेबंद मांडताना पहिली वजाबाकी पिण्याच्या पाण्याची आणि जनावरांची करा, तीही पाऊस कमी झालेल्या वर्षाच्या हिशेबाने. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तरी २,००० वस्तीला वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर लागतात. कातळाखालींच्या सगळ्यात कमी, म्हणजे ४ लाखांच्या आकड्याचा हा दहावा हिस्सा. भांडण जे होतं ते उरलेल्या नऊ हिश्शांवर, आणि तहान मात्र पुढे केली जाते. हा आकडा मोठ्या अक्षरात लावा.

नियम करायला दोन दाखले उपयोगी पडतील. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात सात दुष्काळप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच पाऊस, पातळी आणि धार मोजून रब्बीच्या आधी पीकवार पाण्याचं अंदाजपत्रक मांडलं. सक्ती नव्हती. आकडे स्वतः मोजलेले असल्यामुळे बऱ्याच जणांनी पीक बदललं. जमेची बाजू ही, आणि कच्ची बाजू अशी की सक्ती नसली की एखादा न ऐकणारा सगळ्यांचं वाचवलेलं पाणी उपसू शकतो. दुसरा दाखला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा. शेरिडन परगण्यातल्या एका पट्ट्यात शेतकऱ्यांनी २०१३ पासून उपसा सुमारे २० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं आणि त्याला कायद्याचं बळ घेतलं. कोटा वर्षाचा नव्हता, पाच वर्षांचा मिळून ५५ इंच (ओलिताच्या शेतावर तेवढ्या उंचीचं पाणी) होता. कोरड्या वर्षी जास्त घ्या, ओल्या वर्षी भरून काढा. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. वार्षिक कोट्यात नेमका दुष्काळाच्या वर्षी नियम मोडावा लागतो, आणि एकदा मोडलेला नियम पुन्हा बसत नाही. मात्र तिथे प्रत्येक विहिरीला मीटर आहे, आणि तिथले सगळे पक्षकार विहीरमालकच आहेत. तुमच्याकडे विहीर नसलेल्यांना बैठकीत बोलायला जागा हवी, म्हणून बैठकीची वेळ पाणी भरायच्या आणि मजुरीच्या वेळेत ठेवू नका.

ठिबकने पाणी वाचेल असं कुणी म्हणालं तर विचारा, वाचलेल्या पाण्याचं काय करणार? क्षेत्र वाढवणार असतील तर उपसा तोच राहतो आणि परत मुरणारं पाणी मात्र बंद होतं, म्हणजे साठा आधीपेक्षा लवकर उतरतो. बोअरचं पाणी उघड्या शेततळ्यात भरणं त्याहून वाईट. ३० मीटर बाय ३० मीटरच्या तळ्यातून दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी रोज ५.४ घनमीटर, चार महिन्यांत साडेसहाशे घनमीटर हवेत जातात. जमिनीखाली ते सुरक्षित होतं, आणि सगळ्यांचं होतं.

ओढाकाठ

संमतीच्या दुसऱ्या भागाचा मसुदा असा केलाय, बघा: "या विहिरीच्या पाण्यात पिण्यास धोकादायक घटक आढळल्यास मालकास कळवले जाईल व मालकाने वापरकर्त्यांना कळवावे."

निवळी

"मालकाने कळवावे" काढा. ते तुम्हीच कळवायचं. मुदतही घाला: पक्का निकाल आल्यापासून मालकाला २४ तासांत आणि पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराला ७२ तासांत, तोंडी आणि चिठ्ठीवर. ई. कोलाय निघाला किंवा बाळाच्या घरी नायट्रेट निघालं तर दुसऱ्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी. कोणकोणती घरं ते पाणी पितात ही यादी नमुना घेतानाच लिहून घ्या, नंतर ती मिळत नाही. आणि शेतावर राहणारे हंगामी मजूर यादीत आहेत का ते दोनदा तपासा.

कातळाखाली

पातळीच्या संमतीत माघारीची तारीखही हवी. "ताळेबंदात बेरीज होईपर्यंत कधीही नोंद काढून घेता येईल, नंतर नाव काढता येईल पण आकडा नाही." बेरजेतून एक विहीर काढली की देयता पुन्हा काढावी लागते आणि बाकीच्या ५९ जणांचे आकडे बदलतात, हे तिथेच एका ओळीत लिहा.